कुलवृत्तांत व जुने स्थानिक इतिहास: छायाचित्रण, अक्षरांकन आणि नामसूची

जुनीपाने (धागाकर्ती)

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रात घराण्यांचे कुलवृत्तांत छापण्याची प्रथा चांगलीच रुजली होती. एका आडनावाची मंडळी एकत्र येत, घरोघर पत्रे पाठवून माहिती मागवीत आणि वर्गणीदारांपुरत्या प्रती छापून घेत. मूळ गाव, गोत्र, प्रवर, कुलदैवत, वतने-इनामे, कोणती शाखा कोठे व का गेली याचा वृत्तांत आणि त्यानंतर पानेच्या पाने वंशावळ, असे या ग्रंथांचे साधारण स्वरूप असे. त्याच काळात गावोगावच्या शिक्षकांनी, वकिलांनी आणि निवृत्त कारकुनांनी पदरमोड करून आपल्या गावाचे, देवस्थानाचे किंवा संस्थानाचे छोटे इतिहासही छापले. ही पुस्तके बहुधा दुकानांत विक्रीला आली नाहीत, त्यामुळे मोठ्या ग्रंथालयांतही ती क्वचितच आढळतात. ती आहेत माळ्यावरच्या ट्रंकांत, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात छापलेल्यांचा कागद तर इतका निकृष्ट आहे की पान उलटताना कोपरा हातात येतो.

आमचा स्वयंसेवकांचा एक लहान गट अशी पुस्तके मिळवून त्यांची छायाचित्रे घेतो, मजकूर संगणकावर आणतो आणि त्यातील व्यक्तींची सूची करतो. पूर्वजांचा शोध घेणाऱ्याला पाचशे पानांच्या चित्रप्रतीचा फारसा उपयोग होत नाही. त्याला आपल्या पणजोबांचे नाव कोणत्या पानावर आहे हे हवे असते. म्हणून नामसूची हेच या कामाचे खरे फळ आहे, असे माझे ठाम मत आहे. सूची कशी असावी, मूळ मजकुराला कितपत हात लावावा आणि काय सार्वजनिक करू नये, याबद्दल जाणकारांनी लिहावे.

छायाचित्रणाबद्दल मी येथेच थोडे लिहिते. पुस्तक उताणे करून काचेवर दाबण्याचे यंत्र जुन्या बांधणीसाठी घातक आहे. कण्यावरचा सरस सुकलेला असतो आणि पहिल्याच दाबात पाने सुटतात. पुस्तक शंभर अंशांच्या आसपासच उघडेल अशा पाळण्यात ठेवून वरून कॅमेऱ्याने चित्र घ्यावे. सर्वांत अवघड असतात ते वंशावळीचे घडीचे तक्ते. ते घडीवरच फाटलेले असतात, म्हणून एका चित्रात मावले नाहीत तर एकतृतीयांश भाग पुन्हा येईल अशी अनेक चित्रे घ्यावीत आणि प्रत्येक चित्रात मोजपट्टी ठेवावी. चित्रे रंगीतच असावीत. एका तक्त्यात दत्तक मुलगा दोन्ही घराण्यांना बारीक तुटक रेषेने जोडलेला होता. त्याच तक्त्याच्या आधी कोणीतरी केलेल्या शुद्ध काळ्या-पांढऱ्या प्रतीत ती रेषा पूर्ण नाहीशी झाली होती आणि तो माणूस कोणाचाच नसल्यासारखा कोपऱ्यात एकटा उरला होता.

मोडीवाचक

अतिशय आवश्यक विषय. मजकुराला हात लावू नये, या बाजूचा मी आहे, आणि त्याचे कारण या वंशावळी कशा जन्मल्या यात आहे.

आपल्याकडच्या जुन्या वंशावळी हौसेने लिहिलेल्या नाहीत. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, जोशीपण अशा वतनांच्या तंट्यांत, गोतसभेपुढे (गावकरी व वतनदारांच्या न्यायसभेपुढे) किंवा सरकारात दाखल करण्यासाठी त्या लिहिल्या गेल्या. पुढे १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वये इंग्रज सरकारच्या इनाम कमिशनने इनामदारांकडे हक्काचे पुरावे मागितले, तेव्हा अनेक घराण्यांनी आपल्या कैफियती आणि वंशावळी नव्याने तयार करून दिल्या. ज्याला वतनात वाटा द्यायचा नव्हता त्या भाऊबंदाची शाखा अशा कागदातून गळणे साहजिक होते. कुलवृत्तांतांच्या संपादकांनी हेच कागद पुढे ठेवून वंशावळी छापल्या. त्यामुळे छापील पानावरचे ‘निसंतान’ हे शब्द काही वेळा खरोखर निसंतान असल्याचे सांगतात आणि काही वेळा एवढेच सांगतात की या शाखेचा दावा मान्य झाला नाही. एकाच घराण्याच्या दोन पुस्तकांत दोन वेगळ्या वंशावळी असतील तर दोन्ही जशाच्या तशा ठेवल्या पाहिजेत. त्यांतील विसंगती हाच पुढच्या अभ्यासकाचा पुरावा आहे.

दुसरी अडचण मोडीतून बालबोधीत, म्हणजे देवनागरीत, येताना झाली. मोडी लेखनात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे आणि शब्द तोडून लिहीत नसत. नाव कोठे संपते व गाव कोठे सुरू होते हे वाचणाऱ्याने ठरवावे लागे, आणि ते कधी चुकीचेही ठरवले गेले. मूळ कागद आज पाहावेत तर अनेक घरांतील दप्तरे शिल्लकच नाहीत. १९४८ च्या जाळपोळीत दक्षिण महाराष्ट्रातील कित्येक वाड्यांबरोबर ती गेली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतली गेली. अशा घराण्यांचे छापील पुस्तक आता मूळ साधनाच्या जागी आहे, म्हणून त्याच्या चुकांसकट त्याला जपले पाहिजे.

तारखांबद्दल एक उपयुक्त गोष्ट सांगतो. जुन्या छपाईत देवनागरी १ आणि ९ यांचा घोटाळा फार होतो. शकाबरोबर संवत्सराचे नाव दिलेले असेल तर तो ताबडतोब उघड करता येतो. शकात १२ मिळवून ६० ने भागावे. उरलेली बाकी म्हणजे साठ संवत्सरांच्या चक्रातला, प्रभव या पहिल्या संवत्सरापासूनचा क्रमांक. पानिपतची लढाई शके १६८२ च्या पौष शुद्ध अष्टमीस झाली. १६८२ मध्ये १२ मिळवले की १६९४, त्याला ६० ने भागून बाकी १४, आणि चौदावे संवत्सर विक्रम; कागदांतही विक्रम संवत्सरच आढळते. आता एखाद्या पुस्तकात ‘शके १६८९ प्रमाथी’ असे छापलेले दिसले, तर १६८९ ला सर्वजित संवत्सर येते आणि प्रमाथी येते १६८१ ला. म्हणजे एकाचा नऊ झाला आहे, हे मूळ कागद न पाहताही सांगता येते.

इसवी सन काढताना ७८ मिळवून मोकळे होऊ नये. शक चैत्रात बदलतो, त्यामुळे माघ-फाल्गुनातल्या घटनेला ७९ मिळवावे लागतात, आणि पौषातली तिथी नेमकी पाहावी लागते. वर दिलेली पौषातली लढाई १४ जानेवारी १७६१ ची आहे. शके १८०० च्या माघात जन्मलेल्या मुलाचे जन्मवर्ष १८७९ आहे, १८७८ नाही. सुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांतली आणखी एक वर्षगणना, अरबी शब्दांत लिहिलेला असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार मिळून ११६१, आणि हा सन मृगात बदलत असल्यामुळे ते वर्ष १७६० च्या पावसाळ्याच्या तोंडापासून पुढच्या वर्षीच्या त्याच सुमारापर्यंत चालते. सूचीत मूळ नोंद, तिचे इसवी सनातील रूपांतर आणि रूपांतर कोणी केले हे तिन्ही वेगळ्या रकान्यांत असावे, असा माझा आग्रह राहील.

अक्षरजुळारी

मी गेली काही वर्षे मराठी विकिस्रोतावर मुद्रितशोधन करतो. तेथे पृष्ठाची स्थिती रंगाने दाखवलेली असते: यंत्राने वाचलेले पण कोणी न तपासलेले पान लाल, एकाने तपासलेले पिवळे आणि दुसऱ्या व्यक्तीने पुन्हा तपासलेले हिरवे. वंशावळीच्या पुस्तकांना ही दुहेरी तपासणी अत्यावश्यक आहे. कादंबरीत एखादा शब्द चुकला तर वाचक संदर्भाने सावरून घेतो. नावांच्या यादीत तसा संदर्भच नसतो.

अक्षर ओळखणाऱ्या प्रणाली आजकालच्या स्वच्छ छपाईवर बऱ्यापैकी चालतात. खिळ्यांच्या (धातूच्या सुट्या अक्षरांच्या) जुन्या छपाईत मात्र त्या अडखळतात. झिजलेल्या खिळ्याचा रफार उमटत नाही, ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची अदलाबदल होते, आणि जोडाक्षराचा खालचा भाग पुढच्या ओळीच्या वेलांटीत मिसळतो. तक्त्यांवर तर या प्रणाली चालवूच नयेत. त्या डावीकडून उजवीकडे ओळ वाचतात आणि चार चुलत भावांची मुले एका ओळीत गुंफून टाकतात. तक्ते हातानेच उतरवावे लागतात.

मजकुराच्या शुद्धलेखनाबद्दल मोडीवाचक यांच्याशी मी एका मर्यादेपर्यंत सहमत आहे. ही पुस्तके १९६२ च्या लेखननियमांपूर्वीची असल्यामुळे त्यांत ‘गांव’, ‘नांव’, ‘घरीं’, ‘केलें’ असे अनुस्वार सर्वत्र आहेत. ते काढू नयेत हे मान्य. पण आजचा वाचक शोधाच्या चौकटीत अनुस्वाराविना शब्द टाकतो आणि त्याला काहीही सापडत नाही, याचा विचार कोणी करायचा? मी असे सुचवीन की सूचीत आधुनिक रूप मूळ नोंदीच्या शेजारी द्यावे.

मोडीवाचक

अक्षरजुळारी, शेजारी देण्यास माझी काहीच हरकत नाही. मूळ शब्दाच्या जागी नवा शब्द बसवण्यास आहे. शिवाय ही गरज शुद्धलेखनापुरती नाही. एकच माणूस एका कागदात मोरेश्वर, दुसऱ्यात मोरो. एके ठिकाणी नारायण, दुसरीकडे नारो. विश्वनाथाचा विसाजी आणि बाळाजीचा बल्लाळ. त्यातच नातवाला आजोबाचे नाव देण्याची चाल असल्यामुळे एका घराण्यात साठ-सत्तर वर्षांच्या अंतराने तंतोतंत त्याच नावाचे दोन गृहस्थ उभे असतात, आणि उत्साही संपादक त्यांना एकच समजून मधल्या दोन पिढ्या गाळतो. म्हणून सूचीत नाव आणि वडिलांचे नाव पुरेसे नाही; आजोबांचे नाव आणि शाखेचे गावही हवे.

माहेरवाट

आतापर्यंतच्या चर्चेत अर्धी माणसे आलेलीच नाहीत, म्हणून लिहिते.

कुलवृत्तांतांत मुलग्याला क्रमांक असतो, त्याचे शिक्षण, नोकरी, प्रवास, स्वभाव यांवर परिच्छेद असतो. मुलीच्या वाट्याला पुष्कळदा ‘कन्या ३’ एवढेच येते. सून येते ती सासरच्या नावाने, आणि माहेर कंसात असले तर असते. पुरुषांच्या वंशवृक्षात एवढ्याने अडत नाही. पण ज्याला आपल्या आईच्या आईची आई कोण हे शोधायचे आहे, त्याची वाट दुसऱ्याच पिढीत बंद होते. ही पोकळी आपल्याला भरून काढता येते, कारण एका कुलवृत्तांतात जी ‘कन्या’ आहे तीच दुसऱ्या घराण्याच्या पुस्तकात ‘पत्नी’ म्हणून नाव, माहेर आणि बहुधा वडिलांच्या नावासह नोंदलेली असते. दोन पुस्तके समोरासमोर ठेवली की ‘कन्या ३’ मधली एक द्वारका असते आणि ती कोणत्या गावी नांदली हेही कळते. हे एकेका घराण्याच्या हातून होण्यासारखे नव्हते, कारण प्रत्येकाकडे आपलेच पुस्तक होते. अनेक घराण्यांच्या सूची एका ठिकाणी येतील तेव्हाच ते शक्य होईल. या कामाचे सर्वांत मोठे मोल मला येथे दिसते.

त्यासाठी सूची करताना स्त्रीच्या नोंदीत सासरचे नाव, माहेरचे नाव, माहेरचे आडनाव आणि माहेरचे गाव असे चारही रकाने पहिल्यापासून ठेवावेत. माहिती नसेल तर रिकामे ठेवावेत, पण काढून टाकू नयेत. जुन्या सरकारी कागदांतून उतरलेल्या नावांत ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ यांच्यापुढे नवऱ्याचे नाव येते आणि ‘बिन’पुढे बापाचे. नव्या स्वयंसेवकांना हे शब्द आधी समजावून द्यावेत, नाहीतर नवरा बाप होतो आणि सगळी पिढी एका पायरीने सरकते. पुनर्विवाह, दुसरी पत्नी, बालविधवा यांच्या नोंदी त्या काळच्या संपादकांनी कधी स्पष्ट, कधी आडून दिल्या आहेत; त्या आपण आपल्या सोयीने गाळू नयेत.

पंचगंगाकाठ

चर्चा उत्तम चालली आहे, पण कुलवृत्तांत छापणे हे लिहित्या-वाचत्या आणि वर्गणी देऊ शकणाऱ्या घराण्यांना जमले, हे ध्यानात ठेवावे. आमच्या कोल्हापूर-सांगलीच्या भागात शेतकरी घराण्यांची वंशावळ हेळवी सांगतात. ते सुगीनंतर बैल घेऊन दारात येतात, वहीतून किंवा तोंडपाठ पिढ्या म्हणतात, नव्या जन्मांची नोंद करून घेतात आणि धान्य वा पैसे घेऊन पुढच्या घरी जातात. काही भागांत हेच काम भाट करतात. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत तर यात्रेकरूंनी स्वतःच्या हाताने केलेल्या नोंदी आहेत. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची सूक्ष्मपटचित्रे (मायक्रोफिल्म) अमेरिकेतील युटाच्या वंशावळी संस्थेने कित्येक दशकांपूर्वीच घेतली. आपल्याकडच्या वह्यांच्या बाबतीत मात्र पहिला हक्क ती वही पिढ्यान्‌पिढ्या चालवणाऱ्याचा आहे. ती त्याच्या उपजीविकेचे साधन आहे. त्याची संमती आणि त्याचा मोबदला ठरल्याशिवाय एकही पान सार्वजनिक करू नये.

छोट्या स्थानिक इतिहासांना म्हणूनच मी कुलवृत्तांतांइतकेच महत्त्व देतो. गावच्या इतिहासात बलुतेदारांची घरे, पाटलांच्या तक्षिमा (वतनातील वाटे), तळ्याच्या वा देवळाच्या जीर्णोद्धाराला वर्गणी देणाऱ्यांची यादी असते. त्या यादीत सुतार, कुंभार, तेली, महार यांच्या घरांतील अशी नावे मिळतात जी दुसऱ्या कोणत्याच छापील कागदावर नाहीत. परिशिष्टातल्या या याद्या कंटाळवाण्या वाटतात म्हणून चित्रण करणारे त्या सोडून देतात. कृपया सोडू नयेत.

सागरापलीकडे

मी मॉरिशसहून लिहितो आहे. आमचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात करारबद्ध मजूर म्हणून मुंबई बंदरातून येथे आले. १८३४ पासूनच्या भारतीय स्थलांतरितांची नोंदणीपुस्तके मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. त्यांत नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव आणि जहाज अशी माहिती मिळते, परंतु ती मराठी न जाणणाऱ्या कारकुनांनी कानाला जसे वाटले तसे लिहिलेली असल्याने गावाचे नाव ओळखणे हीच मोठी अडचण होते. येथील अनेक मराठी कुटुंबांचा माग रत्नागिरीकडे जातो. म्हणून १८८० साली निघालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी-सावंतवाडीचा दहावा खंड आणि त्या भागातील छोटे ग्रामेतिहास आम्हाला फार उपयोगी पडतात. माझी एकच विनंती आहे. गावांच्या नावांची स्वतंत्र सूची करावी, आणि तीत वाड्यांची व पाखाड्यांची (गावातील लहान वस्त्यांची) नावेही घ्यावीत. आमच्या कागदांत पुष्कळदा गावाऐवजी वाडीच लिहिलेली आढळते.

कलमनोंद

कायद्याबद्दल थोडक्यात. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे हक्क टिकतो. १९६४ साली वारलेल्या लेखकाचे पुस्तक १ जानेवारी २०२५ पासून मुक्त झाले. संयुक्त लेखक असतील तर शेवटी वारलेल्याचे वर्ष धरावे. निनावी पुस्तकाला, लेखकाची ओळख पुढे उघड झाली नसेल तर, प्रकाशनापासून ६० वर्षे. पुस्तक जुने आहे एवढ्यावर जाऊ नये. १९३५ चे पुस्तक असले तरी त्याचा संपादक १९८० पर्यंत हयात असेल, तर त्याच्या वारसांची लेखी परवानगी घ्यावी. बहुतेक जण ती आनंदाने देतात.

कायद्यापेक्षा मला काळजी आहे ती हयात माणसांची. अलीकडच्या आवृत्त्यांत पत्ते, दूरध्वनी, पगार, मुलांच्या जन्मतारखा छापलेल्या असतात. कुटुंबात वाटण्यासाठी दिलेली माहिती जगभर उघडी करण्याचा अधिकार आपल्याला नाही. हयात असण्याची शक्यता असलेल्या व्यक्तींची पाने चित्रित करून जपावीत, प्रकाशित करू नयेत. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी जाणणाऱ्यांना आणि जुन्या कागदांना मागणी आली आहे, हेही लक्षात ठेवावे. आपल्या सूचीचा उतारा कोणी दाखल्यासाठी पुरावा म्हणून पुढे करील, म्हणून प्रत्येक पानावर ही स्वयंसेवकांनी केलेली नक्कल आहे आणि मूळ प्रत अमुक ठिकाणी आहे, असे स्पष्ट लिहावे.

जुनीपाने

सर्वांचे मनापासून आभार. यातून पुढील कामाची दिशा बरीच पक्की झाली आहे. मजकूर मूळ शुद्धलेखनासह राहील, आधुनिक रूपे केवळ सूचीत येतील आणि तारखांसाठी मोडीवाचक यांनी सांगितलेले तिन्ही रकाने ठेवले जातील. माहेरवाट यांचे चार रकाने आजच नमुन्यात घातले आहेत. आधी झालेल्या सूचींतही ते उघडणार आहोत, कारण त्यांनी दाखवलेला उपयोग मलाही सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गावांची व वाड्यांची सूची वेगळी होईल. हेळव्यांच्या आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्यांना आमचा गट तूर्त हात लावणार नाही. त्यासाठी लागणारा परस्परविश्वास आधी निर्माण व्हावा लागेल. पंचगंगाकाठ, त्या कामात आपण पुढाकार घेतलात तर आम्ही छायाचित्रणाचे सर्व साहाय्य करू.

एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. अक्षरजुळारी यांच्या पद्धतीने दुहेरी तपासणी पूर्ण होईपर्यंत पुस्तक रोखून धरावे, असे काही सदस्य खासगी निरोपांत सुचवतात. मला ते पटत नाही. चित्रे आधी उपलब्ध व्हावीत आणि मजकुरावर ‘न तपासलेले’ असा ठळक शिक्का असावा. ज्याच्या घराण्याचे पुस्तक आहे तोच सर्वांत काळजीपूर्वक चुका काढतो.

नवाभिडू

माझ्या आजोबांच्या संग्रहात आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत आहे. तेच पुस्तक आपल्या यादीत आधीच चित्रित झालेले दिसते. शिवाय आमच्या प्रतीच्या समासांत आजोबांनी आणि त्यांच्या वडिलांनी पेन्सिलीने बरेच लिहून ठेवले आहे, त्यामुळे पाने स्वच्छ नाहीत. तरीही ती पाठवण्यात अर्थ आहे का?

जुनीपाने

अवश्य आहे. समासातील नोंदी असलेली प्रत आम्ही स्वतंत्र साधन मानतो. छापील वंशावळ जेथे थांबते तेथून पुढच्या पिढ्या बहुधा अशाच नोंदींत असतात, आणि छापलेल्या मजकुरावर घरच्यांनी घेतलेले आक्षेपही तेथेच सापडतात. पाने खोडरबराने पुसू नका, टेप लावू नका, सुटी पाने आहेत त्याच क्रमाने राहू द्या. मध्ये ठेवलेल्या चिठ्ठ्या, लग्नपत्रिका, पोस्टकार्डे जेथे आहेत तेथेच असू द्या. त्या कोणत्या पानांत होत्या हे आम्ही नोंदवून घेतो. पुस्तक टपालाने न पाठवता गावाचे नाव निरोपात कळवा. जवळचा स्वयंसेवक कॅमेरा घेऊन तुमच्या घरी येईल आणि प्रत तुमच्याकडेच राहील.